मामाची मांडी

भाऊबीजेला माझी बहीण विट्याहून येते तेव्हा आधी उंब्रजच्या जीपवाल्याच्या घरी उतरते. त्याला ओवाळते, त्याच्या बायकोच्या हातचा शिरखुर्मा खाते, मग आमच्या वस्तीवर येते. सख्खा भाऊ मी, पण नंबर माझा दुसरा. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय आणि घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कुणी काढला असता तर मी भांडलो असतो. काढत नाहीत म्हणून नुसता धुमसत बसतो.

तिची लेक म्हणजे माझी एकुलती एक भाची. ती त्या जीपवाल्याला 'मामा' म्हणते आणि मला 'आर्मीमामा'. ऐकणाऱ्याला वाटतं, काय कौतुकानं म्हणते पोरगी. कौतुक कसलं डोंबलाचं! मामाची जागा आधीच भरलेली होती, म्हणून माझ्या मामापुढं काहीतरी चिकटवावं लागलं.

ती जागा मीच सोडली होती. तीही भीतीपायी, आणि वर शहाणपणाचा आव आणून.

मी फौजेत होतो. बहिणीला विट्याला दिलेली. त्या गावची निम्मी माणसं सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली, पण आमचे मेहुणे निघाले कम्प्युटरवाले. त्यांना कंपनीनं जपानला धाडलं. बहिणीचं बाळंतपण आमच्याकडं झालं. तेव्हा मी रजेवर होतो. ती पोर पाळण्यात झोपायची नाही, माझ्या मांडीवर पालथी घातली की गप्प व्हायची. आई म्हणायची, "ह्या मांडीचं तिला आत्ताच म्हाईत झालंय. जावळाला हितंच बसायचं हाय तिला."

आमच्याकडं लेकराचे पहिले केस देवापुढं उतरवतात. सासरचा देव पालीचा खंडोबा. लेकरू मामाच्या मांडीवर बसलेलं पाहिजे, तेव्हा न्हावी कात्री लावणार. तोवर डोळ्यांवर झिपऱ्या आल्या तरी चालतील, पण केसाला हात लावायचा नाही. जावळ ठेवूनच बहीण पोरीला घेऊन जपानला गेली. परत येतील तेव्हा काढू, असं ठरलं.

मग तिकडं तो मोठा भूकंप झाला. समुद्र गावांत शिरला आणि अणुवीज केंद्रात स्फोट झाले. बहीण राहायची ते शहर तिथून बऱ्यापैकी लांब होतं. पण वाऱ्याला कुठं वेस असते! टीव्हीवर रोज ते पांढरे सूट घातलेले लोक दिसायचे, हातातलं यंत्र लहान लेकरांच्या अंगावरून फिरवताना. आई टीव्हीसमोरून उठायची नाही.

त्या वेळी आमच्या भावकीत या विषयातला जाणकार म्हणजे मी. कारण फौजेत मी एक कोर्स केला होता. अणुबॉम्ब पडला, विषारी वायू सुटला तर जवानानं काय करायचं, याचा. रबरी सूट चढवून, तोंडावर मास्क बांधून भर उन्हात पळवायचे. कोर्स उरकला आणि निम्मं विसरून गेलो. पण गावात कुणी म्हणालं, "ह्यास्नी इचारा, ह्यांचा त्यातलाच कोर्स झालाय," की माझी छाती फुगायची.

एके दिवशी बहिणीचा फोन आला. आवाज बसलेला.

"दादा, नळाचं पाणी पिऊ नका म्हणत्यात. पाण्याची गाडी आली हुती. ह्ये ऑफिसात अडकल्यालं. घरात एकटी पोर कशी ठिवायची? पाठीला बांधून रांगंत हुबी ऱ्हायले. तेवढ्यात पाऊस आला. बारीकच हुता रं, पण तिचं डोस्कं भिजलं. जावळ लय दाट हाय तिचं. काय हुईल का?"

आणि मी काय म्हणालो? "पावसात कशाला नेलीस गं पोरीला? अक्कल हाय का न्हाई?"

पाण्यासाठी रांगेत उभी राहिलेली बाई ती. तिनं काय करायला पाहिजे होतं? पोरीला तहानेली ठेवायचं? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी भ्यालो होतो, आणि माझी भीती नेहमी रागानं बाहेर पडते. बायकोला विचारा.

मग मी व्याख्यान सुरू केलं. डोकं साबणानं धू. पुन्हा धू. कपडे काढ आणि जाळून टाक. आता खरं सांगायचं तर कपडे जाळा असं कोर्समध्ये कुणीही शिकवलं नव्हतं, पिशवीत बांधून लांब ठेवा म्हणाले होते. जाळणं ही माझ्या पदरची भर. जपानमधल्या चौथ्या मजल्यावर ती बिचारी कुठं जाळणार होती? तिनं विचारलं, "केस कापू का?" मी म्हटलं, "काप." तर तिची सासू विट्याहून फोनवर रडायला लागली, की देवाचं जावळ, मामाची मांडी सोडून कात्री लावायची नाही. म्हणून केस राहिले. बहीण पोरीचं डोकं धूत राहिली. पोरगी पाणी बघितलं की किंचाळायला लागली, इतकं धुतलं.

त्या कोर्सला आमचे एक उस्ताद होते, पंजाबकडचे. सगळ्यात शेवटच्या दिवशी ते म्हणाले होते, "पानी से धो दिया, कपड़ा बदल दिया, तो जवान साफ। फिर उसको गले लगाओ, साथ बिठाके खाना खिलाओ। वो बीमारी नहीं है जो छूने से लगे।" हे मला फोनवर बोलताना आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पण मी ते बोललो नाही. त्या एका वाक्यानं तिच्या जिवाचा घोर हलका झाला असता, आणि मी तिला ओरडण्यात रंगलो होतो.

थोड्या दिवसांनी ती पोरीला घेऊन परत आली. त्याच सुमारास मला मुलगा झाला होता. बायको माहेराहून बाळाला घेऊन आमच्याकडं आलेली, मी रजेवर. पहिलं लेकरू. मी तासन्‌तास त्याच्या टाळूकडं बघत बसायचो. ती मऊ जागा श्वासागणिक खालीवर होते. तिथं हाडसुद्धा नाही अजून, नुसती कातडी, असं मनात यायचं आणि अंगावर काटा यायचा.

अशात बहिणीचा विट्याहून फोन. "दादा, जावळाचा दिस ठरला. तू रजेवर हायेस, खंडोबानंच योग जुळवला बघ. जीप करून येतो. सकाळी घरला येऊ, बाळाला बघू, मग संगंच पालीला जाऊ."

बाळाला बघू म्हणाली आणि माझ्या डोळ्यांसमोर ते दाट जावळ आलं. पावसात भिजलेलं. ते केस माझ्या मांडीवर पडणार. ती मांडी घेऊन मी घरी येणार, त्याच हातांनी बाळाला उचलणार. सगळं कळत होतं. उस्तादांचं वाक्य कानात होतं. धुऊन धुऊन त्या केसांत काय राहिलं असणार? पण बापाचं काळीज हुज्जत ऐकत नाही. मी फोनवर म्हणालो, "अगं, रजा रद्द झाली. युनिटनं बोलावलंय. उद्याच निघतोय."

आणि दुसऱ्या दिवशी, आईलाही तीच थाप मारून, बायको-पोराला घेऊन मी उंब्रजच्या स्टँडवर गेलो आणि दहिवडीला सासुरवाडीची वाट धरली. तिकडं माणदेशात जाऊन लपलो. फौजी गडी! अडीच वर्षाच्या आतल्या पोरीला भिऊन पळाला.

बायको एसटीत म्हणाली, "आवं, तुमी न्हाई गेला तर पोरीला मांडीवर कोण घेणार?"

"कुणीबी घेईल," मी म्हणालो. "आपल्या लेकराचं बघ तू."

सबंध रस्ता तिनं बाळ माझ्याकडं दिलं नाही.

पालीला काय झालं ते मला आईनं नंतर सांगितलं, एकेक वाक्य ठासून. उंब्रजच्या स्टँडवर सीटमागं भाडं घेऊन वडाप करणाऱ्या ज्या जीपवाल्याची गाडी त्यांनी केली होती, तो मुसलमान, आमच्या ओळखीचा. माझ्या बरोबरीचाच. गाडीत बहीण म्हणाली, दादाची रजा रद्द झाली, काल गेला. तो बिचारा सरळ मनाचा. म्हणाला, "न्हाई वो ताई, काल मला स्टँडवर भेटल्यात की. दहिवडीच्या गाडीत बसत हुते, वहिनी अन् बाळ संगं हुतं."

आई म्हणते, बहिणीनं पोरीच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

देवळापाशी न्हावी वस्तरा-कात्री मांडून बसला. "मामा कुठं हायती?" त्यानं विचारलं. सासरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. कुणी म्हणालं, मांडीवर नारळ ठेवून चुलता बसू दे. कुणी म्हणालं, चुलतमामाला फोन लावा. त्यांच्यातल्याही दोघा-तिघांनी त्या पावसाबद्दलचं माझ्या तोंडचं ज्ञान ऐकलेलं, त्यामुळं पुढं व्हायला कुणी तयार नव्हतं. जीपवाला पायरीपाशी उभा होता. त्यानं चप्पल काढली, हातपाय धुतले आणि बहिणीला विचारलं, "ताई, चालत असंल तर मी बसू का? मला बहीण न्हाई." बहिणीनं पोरगी त्याच्या मांडीवर दिली. पाण्याला किंचाळणारी पोर, न्हाव्यानं डोकं ओलं केलं तरी त्याच्या शर्टाचं बटण धरून बसून राहिली, म्हणे. सगळे केस त्याच्या मांडीवर पडले. ते गोळा करून त्यानंच बहिणीच्या ओटीत घातले.

मी परत आलो तेव्हा आईनं मला उंबऱ्यातच धरलं. "लाज वाटत न्हाई? सख्ख्या बहिणीला तोंडघशी पाडलंस?"

तिथं मी जी चूक केली ती पालीच्या चुकीपेक्षा मोठी. भ्यालो म्हणून पळालो, एवढं म्हटलं असतं तर आई दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं? आमाला कोर्समधी तसंच शिकवलंय. अशा लेकराला तान्ह्या बाळापासनं लांबच ठिवायचं असतंय. मी नियमानं वागलो."

कोर्सपुढं ती काय बोलणार? तिनं ते जसंच्या तसं बहिणीला सांगितलं. आणि बहिणीनं, जी पहिल्यापासून माझा शब्द खरा मानायची, तिनं तो खरा मानला. पुढच्या भाऊबीजेला आली तेव्हा मला म्हणाली, "दादा, तू तरी काय करणार. तुला जे शिकवलं त्ये तू केलंस. मलाच आधी कळाया पायजे हुतं, मी कशी बाळाजवळ आणणार हुते तिला." तिनं मला माफ केलं होतं. मी ओवाळून घेतलं.

त्या खोट्याचं पुढं काय झालं हे कळायला मला वर्षं लागली. बहीण आपल्या लेकीला कुणाच्या तान्ह्या बाळाला हात लावू द्यायची नाही. बारसं असलं की मायलेकी लांब, दाराशी. कुणी बाळ पुढं केलं तर बहीण हसून म्हणायची, "नगं, ती धसमुसळी हाय, पाडंल." पोरीनं ते ऐकून ऐकून खरं धरलं. लहान लेकरू जवळ आलं की ती हात मागं बांधायची. खो-खो खेळणारी पोर, एका हातानं पाण्याची कळशी उचलणारी, आणि म्हणायची, "मला नाही जमत बाळांना घ्यायला." खरं कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. असल्या किरणांचं पहिलं गळ्यातल्या थायरॉईडवर येतं म्हणून दरवर्षी बहीण तिला सांगलीला नेऊन गळा तपासून आणायची. रिपोर्ट चांगला आला की मला फोन. "दादा, ह्या वर्षीबी काय न्हाई निघालं." मी म्हणायचो, "बरं झालं." प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता सांगून टाकावं. प्रत्येक वेळी फोन ठेवायचो.

गेल्या साली मलाच थायरॉईड निघालं. हात थरथरायचे, वजन उतरलं, छाती धडधडायची. चिडचिड तर इतकी, की बायको म्हणाली, "ह्यो आजार लग्नापासनंच हाय तुमाला." गोळ्यांनी भागेना. मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, किरणोत्सारी आयोडीनची एक मात्रा देऊ, ती गळ्यातल्या ग्रंथीवर काम करते. माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागली. मग त्यांनी पथ्य सांगितलं. काही दिवस वेगळं झोपायचं. भांडी वेगळी. पाणी भरपूर प्यायचं. आणि गरोदर बाई, लहान मूल यांच्याजवळ बसायचं नाही. "घरात लहान मूल आहे का? मांडीवर अजिबात घ्यायचं नाही हं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. बाई बघत राहिल्या. बायको मात्र हसली नाही, तिनं मान खाली घातली. तिलाही तेच आठवलं असणार.

घरात लहान मूल होतं. थोरल्या चुलतभावाची नात. नुकती पळायला लागलेली, दिवसभर माझ्या मांडीवर. म्हणून मी दवाखान्यातून परस्पर रानातल्या खोलीवर गेलो. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची खोली ती, एक खाट आणि कोपऱ्यात पाईपांचा ढीग. बायको बांधावर डबा ठेवून जायची. ती चिमुरडी बांधापर्यंत यायची, मला बघून हात वर करायची, आणि मी जागचा हललो नाही की भोकाड पसरायची. माझ्यामुळं तिला खरंच काही होऊ शकत होतं. माझ्या भाचीमुळं माझ्या पोराला काहीच होणार नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या दिवसभर हेच डोक्यात चालायचं.

एके दिवशी तिसऱ्या प्रहराला बहीण आली. संगं भाची. बायकोनं दोघींना रानातच आणलं, चिमुरडीसकट. भाचीनं आल्या आल्या खोलीसमोर एक खुर्ची मांडली, माझ्यापासून चांगली लांब, आणि आईला म्हणाली, "इथं बस. मी वाचलंय, एवढं अंतर पुरतं." बहीण म्हणाली, "मला काय हुतंय! मी काय ल्हान हाय?" आणि सरळ माझ्या दारात, पायरीवर येऊन टेकली. पिशवीतून तिनं डाळिंबं काढली. भाची बांधाकडं गेली, बायको चिमुरडीचा हात धरून तिथं उभी होती.

"भ्या वाटतं का रं?" बहिणीनं विचारलं.

"न्हाई."

"मला अजून वाटतं," ती म्हणाली. "त्या पावसाचं. रोज न्हाई आता. पण ढग आलं की वाटतं. मी रांगंत हुबी ऱ्हायले नसते तर. टोपडं बांधलं असतं तर. माझीच चूक." ती डाळिंब सोलत होती, बोटं लाल झालेली. "जलमभर मी तिला लेकरांपासनं लांब ठिवली. उद्या तिचं लगीन हुईल, तिला बाळ हुईल. तवा काय करायचं रं?"

मला ते ऐकवेना. एवढंच वाटलं, हिचं ओझं आत्ता उतरवायचं. दुसरा काही विचारच केला नाही.

"बाय, ऐक," मी म्हणालो. "तुझी काय चूक न्हाई. पोटात काय गेलं असंल त्ये मला सांगता यायचं न्हाई, पण तपासण्या चांगल्या आल्यात. आन् केसावरचं म्हणशील, तर तू त्या दिशी डोस्कं धुतलंस तवाच संपलं. धुतलेल्या माणसापासनं दुसऱ्याला कायबी हुत न्हाई. त्ये लागट नसतं. आमच्या उस्तादानं सवता सांगितल्यालं, धुतला की जवान साफ. जवळ घ्या, संगं जेवाय बसवा."

तिचे हात थांबले.

"कवा सांगितल्यालं?"

मी उशाची पाण्याची बाटली उचलली.

"दादा. कोर्समधी सांगितल्यालं?"

"व्हय."

"म्हंजी तू पालीला आला न्हाईस, तवा तुला म्हाईत हुतं."

"व्हय."

तिनं डाळिंब ताटलीत ठेवलं. पदराला हात पुसले. बांधाकडं बघितलं. तिथं ती चिमुरडी भाचीच्या पायाला लोंबकळत होती, वर घे म्हणून हात पसरत होती. आणि माझी भाची, एवढी थोराड पोर, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभी होती.

"अगं," बहिणीनं हाक मारली. "घे की तिला. उचलून घे."

"मी?" भाची म्हणाली. "पडेल ना ती."

"न्हाई पडत. घे तू. काय बी हुत न्हाई."

भाचीनं वाकून तिला उचललं, अवघडून, दोन्ही काखांत हात घालून. चिमुरडीनं तिच्या गळ्याला मिठी मारली तशी भाची माझ्या बायकोकडं बघून हसायला लागली.

बहीण पायरीवरनं उठली. लांब मांडलेल्या त्या खुर्चीपाशी गेली आणि तिथं जाऊन बसली.

"जेवलास का?" तिथनंच तिनं विचारलं.

"जेवलो," मी म्हणालो.